घेर

पानिए कधी घडी करून कपाटात ठेवायचा नसतो. तो उलटा टांगायचा. झालरीला आतून चिमटे लावायचे आणि कमरेकडची बाजू खाली सोडायची. पानिए म्हणजे आपल्याकडे लग्नातल्या घागऱ्याच्या आत असतो तो कॅनकॅनच, फक्त मऊ जाळीचा आणि थरावर थर असलेला. सरळ टांगला तर जाळी स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि हळूहळू घेर जातो. उलटा टांगला की रात्रभर झालर मोकळी पसरून राहते. टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात न्हाणीघराच्या दाराला असे दोन पानिए कायम असतात, एक पांढरा, एक काळा. लेक लहान असताना त्यांना ढग म्हणायची.

मी लोलिता घालते, म्हणजे जपानमधली ती झालरी-लेसची, फुललेल्या घेराची फॅशन. हे आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. वाचणारी बाई ती, अल्पवयीन मुलीच्या मागे लागलेल्या प्रौढ माणसाची नाबोकोव्हची ‘लोलिता’ ही १९५५ ची कादंबरी तिला ठाऊक. नाव ऐकल्यावर तिच्या मनात जे आलं असेल ते आलंच. मी तिला सांगत राहिले की जपानमध्ये हा शब्द फार वेगळ्या वाटेने गेला, हे कपडे घालणाऱ्या मुलींचा आणि बायांचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही, उलट अंग जितकं झाकता येईल तितकं झाकणारा हा पोशाख आहे. शेवटी फोटो पाठवला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा ब्लाउज, त्यावर बिनबाह्यांचा फुललेला झगा, गुडघ्यापर्यंत मोजे, केसांत मोठी रिबन. आईचा फोन आला, "अगं, हे तर परकर-पोलकं आहे." मग म्हणाली, "घेर छान आलाय."

आईने पहिल्या नजरेत जे पाहिलं तोच लोलिताचा पहिला नियम. घेर. कंबरेपासून खाली घागरा घंटेसारखा फुलला पाहिजे, किंवा जरा प्रौढ, क्लासिक धाटणीचा असेल तर उतरत्या छपरासारखा पसरला पाहिजे. बाकी सगळं त्या घेरासाठी. लांबी गुडघ्याच्या आसपास, कारण त्याहून वर गेली की घेर उथळ दिसतो आणि आतला पानिए डोकावतो. मोजे किंवा टाइट्स हवेतच, कारण एवढ्या भरलेल्या घागऱ्याखाली उघडे पाय अर्धवट राहिल्यासारखे वाटतात. डोक्यावर काहीतरी हवं, बॉनेट, हेडड्रेस, रिबन, काहीही. खाली इतका पसारा आणि वर मोकळं डोकं असलं तर तोल जातो. रंग दोन किंवा तीन, आणि प्रत्येक रंग अंगावर निदान दोन ठिकाणी यायला हवा. रिबन निळी असेल तर बुटांवर, मोज्यांवर, पिशवीवर कुठेतरी निळा परत भेटला पाहिजे. सगळं जमून येतं तेव्हा त्या जमवाजमवीला इथे कोदे म्हणतात, ‘कोऑर्डिनेट’चं छोटं रूप.

हे मला पाठ नव्हतं तेव्हाची गोष्ट. तोझाई लाइनने ओतेमाचीला यायचं, तिथे चियोदा लाइन पकडून मेइजी-जिंगुमाएला उतरायचं आणि तिथून चालत हाराजुकू, असा माझा टोकियोतला पहिल्या दोन वर्षांचा रविवार असायचा. नवरा ऑफिसच्या कामात, मला भाषा येत नव्हती, आणि हाराजुकूत बोलावं लागत नसे, नुसतं पाहायचं. तिथल्या लाफोरे या मॉलच्या जमिनीखालच्या मजल्यांवर फिरताना मी तिथल्या विक्रेत्या मुलींकडे पाहत राही. त्या दुकानाचेच कपडे घालून उभ्या असत, डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण. नवीन झगा पंचवीस-तीस हजार येनच्या घरात, तो मला परवडणारा नव्हता. मग जुन्या कपड्यांच्या एका दुकानात एक जानसुका मिळाला. जानसुका म्हणजे जम्पर स्कर्ट, ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा झगा. फिकट गुलाबी, त्यावर चेरी. पाठीला इलॅस्टिकची चुणी होती म्हणून मला बसला. जपानी दुकानांतल्या मापांत माझ्यासारख्या बाईला बसणारं फार थोडं असतं.

पुढच्या रविवारी तो मी घालून गेले. आत साधा टी-शर्ट, झग्याखाली पानिए नाही, पायात चपला. दुकानातल्या एका मुलीने मला पाहिलं, दोन्ही हात छातीशी जोडून "कावाई", म्हणजे किती गोड, म्हणाली, आणि मग जरा थांबून, जवळजवळ माफी मागत म्हणाली, "मोत्तैनाइ". तेव्हा तो शब्द मला नीट कळला नाही. घरी येऊन शोधला. एखादी चांगली वस्तू तिच्या योग्यतेप्रमाणे वापरली जात नाही तेव्हाची हळहळ. शितं टाकून दिलेलं ताट पाहून आपल्याकडे जे वाटतं, ते. ती मला चूक म्हणाली नव्हती. झग्याबद्दल तिला वाईट वाटलं होतं. त्याच्यात जेवढा घेर शिवलेला होता तेवढा त्याला फुलूच दिला गेला नव्हता.

ती आतून एक पानिए घेऊन आली आणि मला कपडे बदलायच्या खोलीत ढकललं. पडदा सरकवून बाहेर आले तेव्हा आरशातला झगा वेगळाच होता. मांड्यांना न चिकटता तो स्वतःच्या बळावर उभा होता आणि मी त्याच्या मध्यात होते. रस्त्याने चालताना माझ्याभोवती हातभर जागा आपोआप मोकळी राहत होती. तोझाई लाइनच्या गर्दीत दोन वर्षं काढलेल्या बाईला त्या हातभर जागेचं काय वाटलं असेल, ते शब्दांत सांगणं मला अजून जमत नाही.

तेव्हापासून मी नियम पाळते. मनापासून पाळते. लेसचंच घ्या. बाहेरच्या माणसाला लोलिता म्हणजे लेसचा भडिमार वाटतो, पण आतल्या बाया लेस पाहून झग्याची जात ओळखतात. सुती टॉर्शन लेस, दोऱ्याला दोरा गुंफलेली, हाताला किंचित खरखरीत आणि जड. केमिकल लेस म्हणजे आधी एका कापडावर भरतकाम करायचं आणि मग ते कापडच विरघळवून टाकायचं, नुसतं भरतकाम उरतं. आणि मग ती स्वस्त, चकाकणारी नायलॉनची लेस, जी दोन धुण्यांत वळते आणि मानेला टोचते. ती लावू नये हा नियम मला अगदी पटतो, कारण तो कापडाच्या बाजूने बोलतो. निप्पोरीच्या कापड गल्लीत मी तासन्‌तास लेसच्या रिळांपुढे उभी राहिले आहे. बोटाने ओढून पाहायची, उजेडात धरायची, मागची बाजू पाहायची. तुळशीबागेत आई काठ निवडायची ते असंच.

पण हे नियम आले कुठून, हे शोधायला लागले तेव्हा गंमत कळली. जुन्या मासिकांच्या दुकानात मला ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’चे सुरुवातीचे अंक मिळाले. हे मासिक २००१ मध्ये सुरू झालं, त्यात शिवायचे बेतही असत. पहिल्या अंकांमधले रस्त्यावरचे फोटो मी एकेक पाहत गेले. घेर बसलेले. लांबी कुणाची गुडघ्याच्या बरीच वर. उघडे हात, जाड तळाचे वेडेवाकडे बूट, घरी शिवलेल्या झालरी, दोरे लोंबणारे. आजच्या नियमांना लावलं तर त्यातल्या निम्म्या मुली नापास होतील. आणि त्याच तर सुरुवातीच्या.

त्यांच्याही मागे जायचं तर १९७० ला हाराजुकूत मिल्क नावाचं दुकान निघालं, मग पिंक हाउस या ब्रँडच्या झालरी आणि फुलं आली, १९७९ मध्ये ‘प्रिटी’ नावाने एक दुकान उघडलं जे पुढे अँजेलिक प्रिटी झालं, १९८८ मध्ये बेबी द स्टार्स शाइन ब्राइट. यांतल्या कुणी नियमावली काढली नव्हती. ते कपडे विकत होते, मुली ते घालून रविवारी हाराजुकूच्या वाहनबंद रस्त्यावर आणि देवळाकडे जाणाऱ्या जिंगुबाशी पुलावर येऊन उभ्या राहत होत्या. वाहनबंदीचा तो रविवार १९९८ मध्ये संपला. एकमेकींकडे बघत, दुकानातल्या मुलीकडे बघत त्या शिकत होत्या. कागदावर लिहून काढलेले नियम मला वाटतं जास्त करून दूरच्या मुलींसाठी आले, ज्यांना हाराजुकूत उभं राहून पाहता येत नव्हतं. त्या मासिकाची इंग्रजी आवृत्ती २००८ मध्ये निघाली, तोवर युरोप-अमेरिकेतल्या मुली फोटोंवरूनच अंदाज बांधत होत्या. चुलीपाशी उभं राहून स्वयंपाक शिकलेल्या बाईला मिठाचं माप लागत नाही, परदेशी गेलेल्या लेकीला मात्र ते चमच्यात लिहून द्यावं लागतं. तसं काहीसं.

आणि एक माणूस, ज्याच्याशिवाय काळ्या लोलिताचा विचारच करता येत नाही, तो माना. मालिस मिझेर या बँडचा गिटारवादक. १९९९ मध्ये त्याने मुआ-मेम-मुआतिए हे स्वतःचं कपड्यांचं लेबल सुरू केलं आणि ‘एलिगंट गॉथिक लोलिता’ हे नाव दिलं. काळा-निळा, क्रॉस, मेणबत्त्यांची झुंबरं, कडक आणि शांत. हे सगळं ठरवणारा पुरुष होता आणि ते कपडे तो स्वतः घालून मंचावर उभा राहायचा. कुणी घालावं, कुणी घालू नये, याचा नियम तिथेच मोडलेला होता.

हे मी एवढ्या पोटतिडकीने सांगते आहे त्याला कारण आहे. तीन-चार वर्षं झाल्यावर मी एका ठिकाणी मेकअप शिकायला गेले होते. शिकवणारी बाई फार सौजन्याने म्हणाली की लोलितासाठी चेहरा बाहुलीसारखा हवा, तेव्हा तुम्ही तुमच्या रंगापेक्षा तीन छटा उजळ घ्या, मान पण रंगवा, हातमोजे घाला. मी घेतल्या. आरशात पाहिलं तर राखाडी चेहऱ्याची एक बाई बसली होती. मी काही बोलले नाही, पैसे देऊन बाहेर पडले आणि स्टेशनच्या स्वच्छतागृहात तोंड धुतलं. कराडला लहानपणी लग्नाच्या घरात काकवा-माम्या जे बोलायच्या ते टोकियोत अदबीच्या भाषेत ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून नियम कानावर आला की मी स्वतःला विचारते, हा झग्यासाठी आहे की माझ्या चामडीसाठी? झग्यासाठी असेल तर मी पाळीन, नाही कळला तर विचारीन. चामडीसाठी असेल, वयासाठी असेल, मापासाठी असेल, तर मी ऐकून घेणार नाही. आओकी मिसाको ही लोलिताची सगळ्यात ओळखीची मॉडेल, २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने तिला कावाई दूत नेमलं. ती शिकलेली नर्स आहे, मॉडेलिंग करता करता रुग्णालयात काम करत आली. तिचा फोटो मी शिवणयंत्रासमोर लावला आहे.

आजीचं मला इथे सांगायलाच हवं. माझी आजी कराडजवळच्या गावात आयुष्यभर नऊवारीत वावरली. भांगलायला नऊवारी, लग्नाला नऊवारी, दवाखान्यात नऊवारी. मला एकदा नेसवताना तिने निऱ्या माझ्या हातात दिल्या, परत काढून घेतल्या, परत घातल्या. "पोरी, ओचा मधोमध आला पायजे, न्हायतर चालताना पायात येतंय." काष्टा किती घट्ट, पदर कुठवर, कामाला असेल तर घोट्याच्या किती वर, सगळं ठरलेलं. पण शेंगा काढायला गेली की तोच ओचा सोडून तिने पोतंभर शेंगा त्यात घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. लोलितांच्या चहापानाच्या मेळाव्याला जपानीत ओचाकाई म्हणतात. ओचा म्हणजे चहा. पहिल्यांदा आमंत्रण आलं तेव्हा मला ओचाच दिसला, आजीचा, शेंगांनी भरलेला.

आजी २०१९ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत खण निघाले. आयुष्यभर ओटीत आलेले, कधी न शिवलेले, गुळेदगुडचे, नारळाच्या शेंड्या अजून घड्यांत अडकलेल्या. आईने मला चार दिले. एक चिंतामणी, एक डाळिंबी, एक हिरवा, एक जांभळा.

खण हातात घेतला की लोलिताचे नियम एकेक करून समोर उभे राहतात. चकाकतो, आणि चकाकणारं कापड म्हणजे स्वस्तातल्या सॅटिनच्या पार्टी-पोशाखाची आठवण, ते टाळायचं. चार खण चार रंगांचे, नियम दोन-तीनचा. कापड ताठ, चुण्या पडत नाहीत. पन्हा अरुंद. मी ते दोन वर्षं नुसतेच उघडून पाहत होते. मग एका संध्याकाळी लेकीने खेळता खेळता एक खण आडवा धरून कंबरेला गुंडाळला, आणि काठ बरोबर तिच्या पायांशी आला. मला तोवर सुचलंच नव्हतं. खण उभा न कापता आडवा घ्यायचा. त्याचा पन्हा म्हणजे घागऱ्याची लांबी, आणि खालचा काठ म्हणजे तयार किनार. चार खण एकाला एक जोडले की साडेतीन मीटरच्या आसपास घेर. कापड ताठ होतं म्हणून चुण्या न घालता मोठ्या चपट्या प्लेट्स घातल्या, आत सुती अस्तर लावलं. वरच्या अंगासाठी साधं काळं सुती कापड, म्हणजे चारही रंगांना काहीतरी धरून राहील. काळी रिबन, काळे बूट, काळे मोजे. ब्लाउज पांढरा. काठाच्या खाली पांढरी टॉर्शन लेस.

म्हणजे मी काय मोडलं आणि काय ठेवलं ते बघा. लांबी ठेवली. घेर ठेवला, अगदी काटेकोर. झाकलेला गळा, डोकं, मोजे, लेस सगळं ठेवलं. चमक घेतली आणि चार रंग घेतले, कारण ते खणाचेच होते आणि ते काढले असते तर मोत्तैनाइ झालं असतं.

ओचाकाई एका हॉटेलच्या चहाघरात होती, मे महिन्यात. आम्ही नऊ जणी. कुणाच्या अंगावर फुलपाखरं छापलेली, कुणी पूर्ण पांढऱ्यात, एक जण किमोनोची बाही आणि लोलिताचा घागरा अशा वा-लोलितामध्ये. मी आत गेले तेव्हा जपान्यांच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी आधी कौतुक केलं. मग स्कोनवर क्रीम लावता लावता एक तरुण मुलगी अगदी सरळ म्हणाली की हे सुंदर आहे, पण मला हे लोलिता वाटत नाही, हा तुमच्या देशाचा पोशाख लोलिताच्या आकारात आहे. मला तिचा राग आला नाही. तिने कापडाबद्दल आणि आकाराबद्दल बोलून मत दिलं होतं, माझ्याबद्दल नव्हे, आणि असा वाद घालायला मला आवडतो. मी विचारलं, मग वा-लोलिता का चालते? ती विचार करायला लागली. टेबलावर त्यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं किमोनोचं कापड इथल्या डोळ्यांच्या सवयीचं आहे म्हणून, कुणी म्हणालं सुरुवातीला तेही कुणाला चाललं नसेल.

आमच्यातली सगळ्यात मोठी बाई, जी नव्वदच्या दशकापासून घालते आहे, ती या बोलण्यात पडली नाही. ती खुर्चीवरून उठली, माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसली, आणि "बघू का?" असं विचारून तिने घागऱ्याची किनार उलटी केली. आतली टीप पाहिली. अस्तर कुठे धरलंय ते पाहिलं. दोन खणांच्या जोडावर काठ काठाला बरोबर भिडलाय ना ते बोटाने चाचपलं. त्या जोडांवर माझे तीन शनिवार गेले होते. मग म्हणाली, लेस फार अरुंद आहे, एवढ्या भारी काठाला दुप्पट रुंदीची हवी. आणि खाली बसल्या बसल्याच विचारलं, हे कापड काय म्हणून विणतात? मी ओटीचं सांगितलं. लेकीला, सुनेला, घरी आलेल्या बाईला तांदूळ, नारळ आणि खण पदरात घालतात ते. तिने किनार हळूच सोडली आणि प्लेट्स हाताने सारख्या केल्या.

येताना पाऊस लागला. छत्री होती, पण लोलितासोबत जी लेसची छत्री मिरवतात ती उन्हासाठी असते. निशी-कासाई स्टेशनपासून घरापर्यंत खालचा वीतभर घागरा भिजला. घरी येऊन दिव्याखाली पाहिलं तर हिरव्या खणाखालची लेस हिरवट झाली होती आणि डाळिंबीखालची गुलाबी. सुती लेसने रंग पिऊन घेतला होता.

मी तशीच बसले. लेसचे सगळे नियम मला पाठ होते. पण कोरं रंगीत कापड शिवायच्या आधी खड्याच्या मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचं, हा आजीचा नियम, जो ती प्रत्येक नव्या लुगड्याला लावायची, तो मी विसरले होते.

लेस उसवून काढायला दोन संध्याकाळ लागल्या. निप्पोरीतून नवी आणली, दुप्पट रुंदीची. घागरा कंबरेपासून सोडवला, अस्तर वेगळं केलं, आणि चारही खण चार वेगवेगळ्या बादल्यांत मिठाच्या पाण्यात घातले. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. दाराला दोन्ही पानिए उलटे टांगलेले आहेत आणि त्यांच्या खाली हिरव्या बादलीतलं पाणी अजून हिरवंच आहे. उद्या बदलायचं.